बोट उचलेपर्यंत

“मूठ सोड गं बया, मूठ सोड! मी काय तुझा हात खाणार हाय?”

शाळेच्या व्हरांड्यात पोतं अंथरून मी बसले होते आणि पहिलीतल्या एका पोरीचा हात धरला होता. ती असा टाहो फोडत होती की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायला लागली. दुसऱ्या दिवशी शाळेचं गॅदरिंग होतं. पोरींचा नाच, नाचाला हिरव्या बांगड्या, आणि अख्ख्या गावात बांगड्या भरणारी कासारीण एकच, ती म्हणजे मी, मालन.

काचेची बांगडी सैल घालून चालत नाही. सैल बांगडी पहिल्या फुगडीलाच जाते. म्हणून बेताची घ्यायची, अंगठा आत दुमडायचा, बोटांची पेरं दाबायची आणि हळूहळू सरकवायची. कळ ही येतेच. माझ्या सासूनं मला हे काम शिकवलं तेव्हा एकच गोष्ट बजावून सांगितली होती: “दाबताना पोरीला कळू द्यायचं न्हाई. तिचं ध्यान गोष्टीत पायजे, तुझं ध्यान हातात.”

म्हणून मी सुरू केलं. “एक होता पोपट. त्याला बांगड्या घालायची लई हौस. पण त्याला हात कुठं हुतं?”

पोरगी हुंदका गिळून म्हणाली, “पायात घालायच्या मग.”

“पायात? अगं, पोपट म्हणजे काय नवरी हाय व्हय, पायात वाळं घालायला? त्याची आई म्हणाली, मेल्या, आधी पेरू खा...”

गोष्ट संपेपर्यंत दोन्ही मनगटं भरली होती. पोरगी बघतच राहिली. मग रीतीप्रमाणं वाकून माझ्या पाया पडली. आमच्यात तसंच आहे. बांगड्या भरल्या की लहान पोर असो नाहीतर नवरी असो, कासारणीला नमस्कार करते. मी मान वर केली तर माझ्याभोवती सगळी दुसरीची पोरं गोळा झालेली, आणि त्यांच्या मागं मुजावर बाई उभ्या.

मुजावर बाई दुसरीला शिकवायच्या. मिरजेहून एसटीनं यायच्या, आवाज कधी चढायचा नाही, पण पोरं त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. माझी पोरगी वैजू त्यांच्याच वर्गात होती.

“मालनताई, गोष्ट किती छान सांगता!” बाई म्हणाल्या. “आमच्या वर्गात दर शनिवारी कुणाची तरी आई नाहीतर बाबा येऊन मुलांना एक पुस्तक वाचून दाखवतात. या शनिवारी तुम्ही या ना.”

माझ्या हातातला बांगड्यांचा गुच्छ तसाच राहिला.

सांगून टाकते. मला तेव्हा पांढऱ्यावरचं काळं कळत नव्हतं. बापाबरोबर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरण्यात माझं शाळेचं वय गेलं. त्याची मला कधी लाज वाटली नव्हती. गावातल्या निम्म्या बायांना येत नव्हतं, मग मी काय वेगळी? पण वैजू झाली, चार वर्षांची झाली, आणि घोटाळा झाला. मिरजेहून माल यायचा तो रद्दी पेपरात गुंडाळून. दिवेलागणीला मी गठ्ठे सोडत बसायची आणि वैजू शेजारी. एकदा तिनं एक कागद उचलला आणि विचारलं, “आई, ह्यात काय लिहिलंय?” ‘मला येत नाही’ असं म्हणायला काय झालं होतं? पण तिचं ते तोंड एवढंसं, डोळे एवढे मोठाले. मी म्हटलं, “ह्यात लिहिलंय, एक होता पोपट.” झालं. तिथून रोज एक कागद, रोज एक गोष्ट. पोरीला वाटायचं, पेपरात सगळ्या पोपटा-कोल्ह्यांच्याच बातम्या येतात. पहिलीत गेल्यावर तिनं वर्गात सांगून टाकलं, “माझी आई सगळं वाचते.” तिच्या ह्या बोलण्यानं माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आणि खरं सांगायचं आणखीच राहून जायचं.

तर आता बाई माझ्यापुढं उभ्या आणि पोरं नाचायला लागलेली. “मावशी या, मावशी या!” मी म्हटलं, “बाई, शनिवारी बाजार असतो.” बाई म्हणाल्या, “सकाळची शाळा, नऊला मोकळ्या व्हाल.” मी म्हटलं, “माझा चष्मा करायचा राहिलाय ओ, बारीक अक्षर दिसत न्हाई.” बाई म्हणाल्या, “लहान मुलांचं पुस्तक, अक्षर मोठ्ठं असतं.” मी वैजूकडं बघितलं. म्हटलं ही उड्या मारत असेल. तर ती खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होती.

तेवढ्यात धैर्यशील बोलला. सोसायटीच्या चेअरमनचा पोरगा, वर्गात सगळ्यांत हुशार, आणि हुशारी जिभेच्या टोकावर. “कासारीन मावशी वाचतीय व्हय?”

तो बिचारा साधं विचारत होता. पण माझा स्वभाव तेव्हाही असाच, नाकावर राग. “न वाचायला काय झालं रं? तुझ्या आईचा हात मीच भरते आन् तुझ्या लग्नात तुझ्या बायकोचा पण मीच भरणार हाय. बाई, येते मी शनिवारी!”

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

घरी जाताना वैजू माझा पदर धरून चालत होती. अर्ध्या वाटेवर म्हणाली, “आई, तू नको येऊस शनिवारी.”

“का गं?”

“तुझा बाजार असतोय.”

“बाजार दहाला भरतोय. खरं सांग, का नको?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला झोंबलं. म्हटलं, पोरगी शाळेत गेली आणि हिला आता पेटीवाल्या आईची लाज वाटायला लागली. “चेअरमनची बायको आली असती तर चाललं असतं न्हवं? मी आले तर तुझं नाक कापलं जातंय व्हय?”

“तसं न्हाई, आई.”

“मग येणार म्हणजे येणार. बघतेच आता.”

तिनं घर येईपर्यंत पदर सोडला नाही.

शुक्रवारी ती शाळेतून पुस्तक घेऊन आली. “बाईंनी दिलंय. बघून ठेव म्हणाल्यात.” पातळ पुस्तक, पानभर चित्रं, चित्राखाली दोन-दोन ओळी. वैजू माझ्या पुढ्यात बसली आणि हळूच म्हणाली, “आई, मी वाचून दाखवू तुला?”

आता मला कळतं तिनं काय केलं होतं ते. तेव्हा मी खेकसले, “मला शिकवतीस? तुझ्या आधी पंचवीस वर्षं जन्मले मी. आण इकडं.”

आणि मी चित्रं लावायला लागले. पहिल्या पानावर एक बाई, तिच्याजवळ दावं लावलेली शेळी. दुसऱ्या पानावर बाई शेळीला घेऊन पळत होती. तिसऱ्यावर तिच्या मागं एक म्हातारा, हातात काठी, मिशा अशा विंचवाच्या नांगीसारख्या. पुढं एक झोपडी, झोपडीत पाळण्यात रडणारं पोर. शेवटच्या पानावर सगळी एकत्र बसून दूध पिताना. ह्यात काय अवघड होतं? बाई शेळीची मालकीण. म्हातारा चोर. शेळी पळवायला बघत होता. ती त्याला सापडली नाही, पण त्याच्या घरात नातवंड उपाशी आहे हे तिनं बघितलं आणि तिला दया आली. तिनं रोज तांब्याभर दूध द्यायचं कबूल केलं. मी बाईचं नाव ठेवलं सखू. आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं म्हणून बघितली, वाचल्यासारखी. मधे एका ठिकाणी शेळीला नदी ओलांडायची होती तिथं तर मी असा काही प्रसंग रंगवला की मलाच बरं वाटलं.

वैजू गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “आई, ही बाईच चोर असंल काय गं?”

“गप! तिचे हात बघितलेस का? कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्यात. काय कसब हाय भरणारीचं! अशी भरल्या हाताची बाई चोरी करती व्हय? पळताना किणकिण वाजलं नसतं? चोरानं बांगड्या भरल्या तर चोरी व्हायची कशी?”

वैजूनं चित्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “परत एकदा सांग,” म्हणाली. मी परत सांगितली. तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावली. मी म्हटलं, बघा, पोरीला आवडली.

शनिवारी मी ठेवणीतलं इरकल नेसून गेले. दुसरीचा वर्ग मी पहिल्यांदाच आतून बघत होते. खिडकीपासून फळ्यापर्यंत दोरी बांधलेली, तिच्यावर पुस्तकं कपड्यांसारखी वाळत घातलेली. भिंतीला एक पुठ्ठा, त्यावर रंगीत खडूनं काहीबाही लिहिलेलं आणि खाली एक मोठं बोट काढलेलं. म्हटलं, ‘बोट तोंडावर’ म्हणत असतील. पोरांनी आधी हात जोडून कविता म्हटली. ती कविता पोरं रोज खिचडीच्या आधी म्हणायची, त्या दिवशी माझ्यासाठी सकाळीच म्हटली:

खारूताई खारूताई, शेंगा वाट,
एक तुला, एक मला, भरलं ताट.
उरली शेंग ठेव बाई वाटेच्या कडेला,
उपाशी येईल कुणी, होईल त्याला.

बाई मागं जाऊन पोरांतच खाली बसल्या. मला खुर्ची ठेवली होती, पण खुर्चीवर बसून मला गोष्ट येत नाही. मी पोरांपुढं मांडी घातली, पुस्तक त्यांच्याकडं तोंड करून धरलं आणि सुरू केलं.

“एक हुती सखू. तिची एक शेळी. शेळीचं नाव चांदी...”

काय सांगू, पोरं अशी डोळे लावून बसली! मला जोर चढला. मी शेळीसारखी ओरडले, म्हाताऱ्यासारखी खोकले. “आला, आला, मिशीवाला चोर आला! सखू पळाली...”

“मावशी,” धैर्यशील उभा राहिला. “पुस्तकात असं न्हाई.”

मी थांबले.

“पुस्तकात सखू न्हाई. गंगू हाय. आन् म्हातारा चोर न्हाई, गंगूच चोर हाय. शेळी म्हाताऱ्याची हाय.”

“व्हय मावशी,” त्याच्या शेजारची पोरगी म्हणाली. “आम्ही परवाच वाचलंय.”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढी वटवट करणारी मी, बाजारात चार गावच्या बायांना पुरून उरणारी, आणि सात वर्षांच्या पोरापुढं माझी पाचावर धारण बसली. सगळ्या पोरांचे डोळे माझ्यावर, आणि मला फक्त एक तोंड दिसत होतं, वैजूचं. मनात म्हटलं, आता तिला कळणार. एवढे दिवस जे कागद मी वाचले ते सगळे खोटे होते हे आत्ता, इथं, सगळ्या वर्गात तिला कळणार. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. बाई अर्ध्या उठल्या होत्या.

त्यांच्या आधी वैजू उठली. पोरांच्या मधून वाट काढत पुढं आली. “आईचा चष्मा अजून झाला न्हाई,” ती म्हणाली, माझ्या मांडीत येऊन बसली, माझ्या हातातलं पुस्तक आपल्याकडं वळवून घेतलं, पहिलं पान काढलं आणि पहिल्या ओळीवर उजव्या हाताचं बोट ठेवलं.

“एक हुती सखू,” तिनं वाचलं. “तिची एक शेळी. शेळीचं नाव चांदी.”

मी वाकून बघितलं. तिचं बोट अक्षराखालून सरकत होतं, हळूहळू, मुंगीसारखं. धैर्यशीलनं तोंड उघडलं. त्याची नजर वैजूच्या बोटावर गेली. त्यानं तोंड मिटलं आणि खाली बसला.

वैजू वाचत राहिली. मी जसं सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द! मिशीवाला चोर, नदी, पाण्यात घसरलेला पाय, झोपडीतलं उपाशी पोर. पान उलटायचं आलं की ती डाव्या हातानं उलटायची आणि उजवं बोट तसंच घसरत पुढच्या पानावर यायचं. वर्गात कुणी हसलं नाही, कुणी खाकरलंही नाही.

आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बोलाफुलाला गाठ पडली! मी नुसती चित्रं बघून सांगितलं आणि बरोब्बर तेच पुस्तकात लिहिलेलं निघालं! म्हटलं, मालन, तुझं डोकं काय डोकं आहे. पोरं गडबडली असतील, दुसऱ्या कुठल्या पुस्तकाचं ह्यात मिसळलं असेल. मी धैर्यशीलकडं बघून मान अशी केली, की बघ लेका. तो माझ्याकडं बघतच नव्हता.

“आन् सखूनं रोज तांब्याभर दूध द्यायचं कबूल केलं,” वैजूनं वाचलं. गोष्ट संपली. पण तिनं बोट काढलं नाही. शेवटच्या शब्दाखाली टेकवून तशीच बसून राहिली. मी म्हटलं, “झालं की गं.” तिनं मान हलवली, पण बोट तिथंच. किती वेळ गेला कोण जाणे, मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं हुर्रे करून बाहेर पळाली. तेव्हा कुठं तिनं बोट उचललं. ते थरथरत होतं. मी म्हटलं, दमली पोर वाचून.

मुजावर बाई डोळे पुसत होत्या. मला वाटलं, गोष्ट लागली त्यांना. मीसुद्धा घरी सांगताना त्या पोराच्या जागी गहिवरले होते. “छान झाली आजची गोष्ट, मालनताई,” त्या म्हणाल्या. “येत राहा.” आणि वैजूच्या डोक्यावरून हात फिरवला, जरा जास्तच वेळ.

बाहेर धैर्यशील नळावर पाणी पीत होता. मी मुद्दाम थांबले. “मघाशी काय म्हणत हुतास रं?”

तो ओल्या तोंडानं म्हणाला, “कुठं काय, मावशी. फुडल्या शनवारी पण या.”

मग काय विचारता! मी बाजारात ज्याला त्याला सांगत सुटले की दुसरीच्या पोरांना मी पुस्तक वाचून दाखवलं. घरी आमचे हे ट्रकवरून आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “तू? वाचलंस?” मी म्हटलं, “वाचल्यातच जमा.”

पण त्या दिवसापासून वैजूला एक नवीनच खेळ सुचला. शाळा-शाळा. ती बाई, मी पोर. संध्याकाळी मी माल सोडायला बसले की ती ओढणीचा पदर काढून पुढं यायची. “एकसाथ नमस्ते म्हण.” मी म्हणायची. मालात वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे निघायचे. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ते तुकडे ती जमिनीवर मांडायची. अर्धा गोल, उभी काडी, परत अर्धा गोल. “हे काय?” “मला काय ठाऊक?” “हा क. क कासारणीचा.” चुकलं की छडी उगारायची, पण मारायची नाही. खारूताईची कविता तिनं तुकड्यांनी अख्खी मांडली. कविता मला वैजूच्या तोंडून ऐकून पाठ होतीच, त्यामुळं कुठं कुठलं अक्षर असणार ते आधीच कळायचं. ‘शेंगा’ मधला शे मी असा ओळखला, ‘ताट’ मधला ट तसा. मी म्हणायची, “खेळ हाय बाबा पोरीचा,” आणि काम टाकून खेळायची. पुढं पुढं ती दमून झोपली तरी मी तुकडे जुळवत बसायची.

वर्ष गेलं. परत गॅदरिंग आलं, परत मी शाळेत गेले. पोरी आवरेपर्यंत व्हरांड्यात बसून कंटाळा आला म्हणून दुसरीच्या वर्गात डोकावले. वर्ग मोकळा. वैजू आता तिसरीत होती, पण वर्ग तसाच होता. दोरीवर पुस्तकं, आणि त्यांत तीच शेळी! मला इतका आनंद झाला. म्हटलं, माझी गोष्ट. आता मी ती खरीखुरी वाचणार, अक्षर लावून. पुस्तक काढलं, खाली बसले, बोट ठेवलं.

“गं... गू... ने. गंगूने. शे... ळी. शेळी.” मी थांबले. सखू कुठं गेली? पुढं सरकले. “चो... र... ली. चोरली.”

गंगूने शेळी चोरली.

म्हटलं, चुकलं माझं. परत वाचलं. तेच. पान उलटलं. “म्हातारा मागे धावला. माझी शेळी दे, माझी शेळी दे.” पुढचं पान. “गंगूचे बाळ उपाशी होते.” शेवटचं. “म्हातारा म्हणाला, चोरू नकोस. रोज दूध ने.”

माझं बोट शेवटच्या शब्दावर तसंच राहिलं. दारात कुणीतरी होतं. धैर्यशील आणि अजून दोघं-तिघं, नाचाचे फेटे बांधलेले, दाराच्या चौकटीला टेकून उभे. कधीचे उभे होते कोण जाणे. एकानंही हूं की चूं केलं नव्हतं. मी बोट उचललं. तसा धैर्यशील लगेच म्हणाला, “मावशी, सगळं बरोबर वाचलासा!”

“मग इतका वेळ गप का हुतास रं?”

त्यानं भिंतीकडं हात केला. तोच पुठ्ठा, तेच बोट. मी उठून जवळ गेले आणि अक्षर लावलं. “बोट... उच... ले... पर्यंत... टोकायचं... नाही.”

“वाचणाऱ्याचं बोट पुस्तकावर हाय तवर कुणी मधे बोलायचं न्हाई,” धैर्यशील म्हणाला. “चुकलं तरी. बाईंचा नेम हाय. तुम्ही त्या दिशी बोट ठेवलंच न्हवतं, म्हणून मी बोललो.”

“आन् वैजूनं ठेवलं.”

“तिनं घंटा हुईस्तोवर उचललंच न्हाई की!” तो म्हणाला. मग जरा थांबून, फेटा सावरत, “नंतर मी बोलणार हुतो. पण तिचं बोट लई थरथरत हुतं. मग म्हटलं, जाऊ दे.”

मी व्हरांड्यात येऊन पोत्यावर बसले. पोरींची रांग लागली होती. मी हात भरत होते, पण गोष्ट सुचेना. पोरी कळवळत होत्या. शेवटी वैजूची पाळी आली. तिनं हात पुढं केला. मी अंगठा आत दुमडला, पेरं दाबली, पहिली बांगडी चढवली.

“वैजू, मला वाचता येत न्हवतं ते तुला ठाऊक हुतं?”

तिनं बांगडीकडंच बघत मान हलवली.

“कवापासनं?”

“पहिलीत. दिवाळीच्या आधी. तू मला पोपटाची गोष्ट वाचून दाखवत हुतीस. त्या कागदावर ‘दुःखद निधन’ लिहिलं हुतं. एका आजोबांचा फोटो पण हुता.”

आत्ता गं बया! मला हसूच फुटलं. कुणाच्या तरी घरचं दुःख, आणि मी त्यात पोपट उडवला होता. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते मला कळलं नाही. सगळा शाळेचा व्हरांडा बघत होता.

“मग तवाच बोलली का न्हाईस गं?”

“तुला लागलं असतं.” ती हळूच म्हणाली, “तूच म्हणतीस न्हवं, दाबताना पोरीला कळू द्यायचं न्हाई.”

मला पुढचं दिसेना. बांगडी पेरावर अडकली होती आणि माझे हात थांबले होते.

“आई, दुखतंय.”

“थांब, गोष्ट सांगते,” मी म्हटलं, पण ‘एक होता’च्या पुढं सरकेना.

“तू भर. मी सांगते,” वैजू म्हणाली. “एक होता पोपट. त्याला बांगड्या घालायची लई हौस...”

ती सांगत गेली आणि मी भरत गेले. दोन्ही हात भरले. एकही बांगडी वाढली नाही. मग रीतीप्रमाणं ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला मधेच धरलं. त्या दिवशी मी तिला वाकू दिलं नाही. मीच हात जोडले. लोक बघत होते. बघेनात का.